तिला एकदाही विचारावं लागू नये

‘आपा, अस्सलामु अलैकुम.

मी मूळचा खेड तालुक्यातला. सध्या पनवेलला भाड्याच्या घरात राहतो, तळोज्याला कंपनीत नोकरी. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली. बायको मिरजेची, शाळेत शिक्षिका आहे. लग्न झालं आणि लगेच अब्बांचं ऑपरेशन निघालं, त्यामुळे कुठे जाणं झालंच नाही. मागच्या वर्षी दोन दिवस महाबळेश्वरला गेलो, तर तिथे तिने केळी, बिस्किटं आणि एकदा डोसा यावर दिवस काढले. मी म्हणत होतो, चिकन घे, चालतं. ती म्हणायची, “मला भूक नाही.”

येत्या २६ जानेवारीला सोमवार आहे. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस मिळतात. तिला चहाचे मळे आणि धुकं बघायची फार हौस आहे, म्हणून मुन्नारला न्यायचं ठरवतोय. तिला काही न सांगता सगळं बुक करून सरप्राइज द्यावं असं मनात आहे. एका रिसॉर्टचं हनिमून पॅकेज बघितलंय, त्यात कँडल लाइट डिनर, केक, फुलांनी सजवलेला पलंग असं सगळं आहे. मित्र म्हणतो, केरळात सगळं हलालच असतं. काही जण म्हणतात, धुकं हवं तर पावसाळ्यात जा. तिचं खाणं, नमाज, पडदा सांभाळून हे चार दिवस छान कसे जातील? आणि अम्मी म्हणते, “घरात काय कमी आहे म्हणून डोंगरात जाऊन पैसे घालवता?” तिला काय सांगू?

— एक वाचक, पनवेल’

वालेकुम अस्सलाम, भावा. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘मला भूक नाही’पाशी थांबले. कारण हे वाक्य मी स्वतः बोललेली आहे. आमचं लग्न झालं तेव्हा आम्ही उटीला गेलो होतो. राहायचं हॉटेल चांगलं होतं, खिडकीतून झाडं दिसायची, सगळं मनासारखं होतं. पण जेवायच्या वेळी माझे मिस्टर मेनूकार्ड माझ्यापुढे सरकवायचे आणि म्हणायचे, तुला काय हवं ते सांग. मटण कुठून येतं, कोण कापतं, हे त्या वेटरला विचारायचं कुणी? त्यांना संकोच वाटायचा, आणि नवी नवरी असून सगळ्यांदेखत चौकशा करणं मला जड जायचं. मग उकडलेली अंडी, नाहीतर दहीभात. तीन दिवस मी ‘भूक नाही’ म्हणत होते आणि रात्री खोलीत शेंगदाण्याची चिक्की खात होते. आज ते मुलांना उटीच्या गोष्टी सांगतात. मला उटी म्हटलं की भूक आठवते.

म्हणून रिसॉर्ट, पॅकेज, फुलं हे सगळं घडीभर बाजूला ठेव. या चार दिवसांत तिला एकदाही ‘हे हलाल आहे का’ असं विचारावं लागू नये, एवढं एकच काम मनावर घे. विचारायचं तू, आणि तेही पनवेलच्या घरात बसून, पैसे भरायच्या आधी. ती टेबलाशी बसेल तेव्हा उत्तर तयार हवं. माझ्या मते कँडल लाइट डिनरहून ही भेट तिला मोठी वाटेल.

‘केरळात सगळं हलालच असतं’ हे तुझ्या मित्राने कोझिकोड, मलप्पुरम बघून म्हटलं असेल. तिकडे ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण मुन्नार इडुक्की जिल्ह्यात येतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्या जिल्ह्यात मुस्लिम वस्ती सात टक्क्यांच्या आसपास आणि ख्रिस्ती वस्ती चाळीस टक्क्यांच्या वर आहे. त्या लोकांचं जेवण उत्तम असतं आणि माणसंही मायाळू, पण डुकराचं मांस त्यांच्याकडे चालतं. ज्या तव्यावर, ज्या कढईत ते परततात त्यातच पुढची ऑर्डर बनू शकते. मुन्नार गावात मुस्लिम चालवतात अशी हॉटेलं आहेत, जुमा मशीद आहे, तिथे पोटभर आणि निर्धास्त जेवता येतं. अडचण येते ती गावाबाहेरच्या रिसॉर्टांत, जिथे रात्री धुक्यात गाडी काढून जेवायला गावात येणं नको वाटतं.

तेव्हा फोनवर नुसतं ‘हलाल मिळेल का’ असं विचारू नकोस. त्याला सगळीकडे ‘हो सर’ असंच उत्तर मिळतं. कोंबडी आणि मटण कुठल्या दुकानातून येतं, ते दुकान कोणाचं, गोठवलेलं असेल तर पाकिटावर हलालचा शिक्का आहे का, हे विचार. किचनमध्ये डुकराचं मांस शिजतं का आणि शिजत असेल तर भांडी वेगळी आहेत का, हेही विचार. सकाळच्या बुफेत सॉसेज आणि बेकन असतं का? असलं तर शेजारच्या ऑम्लेटला तोच चिमटा लागतो, म्हणून तुमच्यासाठी अंडी वेगळ्या पॅनमध्ये करून द्याल का, असं थेट सांग. जो माणूस या प्रश्नांना न कंटाळता, आत जाऊन विचारून येऊन उत्तर देतो, त्याच्याकडे राहा. जो घाईघाईने सगळ्याला हो म्हणतो, त्याला सोडून दे. मिळालेली उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी मागून घे, म्हणजे तिथे पोचल्यावर दुसराच मॅनेजर समोर आला तरी वाद नको.

काही बारीकसारीक गोष्टी आपल्याकडच्यांना माहीत नसतात. केरळात आप्पम म्हणजे आपल्या घावनाची मऊ, जाळीदार बहीण. ते आंबवायला जुन्या पद्धतीत ताडी घालतात आणि त्याला कळ्ळप्पम म्हणतात. कळ्ळ म्हणजे ताडी. आता बऱ्याच ठिकाणी यीस्ट वापरतात, तरी एकदा विचारून घ्यावं. मुन्नारच्या बाजारात घरगुती चॉकलेटांची दुकानं ओळीने आहेत. त्यांतल्या काही चॉकलेटांत रम असते, तेव्हा पिशवी भरण्याआधी बोलून घे. आणि पॅकेजमधला तो केक! केरळात प्लम केकचा सुका मेवा पुष्कळदा रममध्ये भिजवलेला असतो. केक हवाच असेल तर साधा व्हॅनिलाचा सांग. रस्त्याकडेला ‘कळ्ळ शाप’ अशी पाटी दिसली तर ते ताडीचं दुकान, तिथला मासा कितीही नावाजलेला असो.

मल्याळममधले दोन शब्द खिशात असू दे. ‘हलाल आणो?’ म्हणजे हलाल आहे का. ‘पन्नी’ म्हणजे डुक्कर. एवढ्यावर काम होतं, आणि आपल्या तोंडून मल्याळम ऐकून समोरचा हसून आतल्या माणसाला हाक मारतो.

तारखांबद्दल. पावसाळ्यात नको. जून ते ऑगस्ट तिकडे धुकं भरपूर असतं हे खरं, दिवसदिवस हटत नाही, पण तो सगळा डोंगर दरडींचा आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये मुन्नारजवळ पेट्टीमुडीला रात्रीची दरड आली आणि चहामळ्यातल्या कामगारांच्या चाळी झोपेत गाडल्या गेल्या. तू खेडचा. दरडीखाली गेलेलं तळिये तुझ्या गावापासून काही लांब नाही, तुला मी आणखी काय सांगू. जानेवारीत धुकं पहाटे दरीत साचतं, नऊ-दहापर्यंत मळ्यांवर रेंगाळतं आणि मग उघडीप होऊन लख्ख ऊन पडतं. दोन्ही बघायला मिळतं. थंडी मात्र खरी असते. काही मळ्यांत या दिवसांत दहिवर गोठून पानं पांढरी होतात. खोलीत हीटर आहे का, नसेल तर जादा रजई आणि पहाटे साडेचारला गरम पाणी मिळेल का, हे विचार. पहाटे वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, बर्फासारखं पाणी लागलं की पुढचा सगळा दिवस अंगात कुडकुडी राहते.

पण तारीख पक्की करण्याआधी एक गोष्ट तिच्याशी बोलायला हवी, आणि म्हणूनच तुझं सरप्राइज मला पटत नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रमजान लागेल. २६ जानेवारीला त्याच्या आधीचा महिना, शाबान, चालू असेल. मागच्या रमजानात राहिलेले रोजे पुष्कळ बायका याच दिवसांत पुरे करतात. वर्षभर शाळा, घर, पाहुणे यांत जमत नाही, मग शाबानात एकामागून एक कजा रोजे धरतात, कुणाला न सांगता. तू चार दिवसांची बिर्याणी ठरवून ठेवशील आणि तिच्या मनात आठ रोज्यांचा हिशोब असेल, तर ती तुझं मन मोडू नये म्हणून गप्प राहील. तिला तर ‘भूक नाही’ म्हणायची सवयच आहे. महिन्याचे दिवस कोणते, तेही तिलाच ठाऊक. म्हणून आधी तिला सांग. मळ्यांचे फोटो समोर घेऊन दोघं बसा. वाट बघण्याचे तीन आठवडे तिलाही मिळू देत, तो आनंद तू एकट्याने का घ्यावास?

आता प्रवास. मला स्वतःला नेत्रावती एक्सप्रेस आवडते. पनवेलला बसायचं, आपलं कोकण खिडकीतून बघत जायचं आणि दुसऱ्या दिवशी कोचीजवळ आलुवाला उतरायचं. पण जाण्यायेण्यात दोन दिवस खर्ची पडतात आणि तुझ्याकडे चारच आहेत. शुक्रवारी सकाळचं मुंबई–कोची विमान घे. विमानतळापासून मुन्नार सुमारे ११० किलोमीटर आहे, पण घाटामुळे चार तास धर. पेरुंबावूर, कोतमंगलम, नेर्यमंगलम, अडिमाली असा रस्ता आहे. जेवण पेरुंबावूरला उरका. तिथे मुस्लिम वस्ती मोठी आहे, निवडीला भरपूर हॉटेलं आहेत. तिच्यासाठी पत्तिरी मागव. तांदळाच्या पिठाची, पापडासारखी पातळ भाकरी असते, वर नारळाचं दूध शिंपडतात. तुझ्या अम्मीच्या हातची तांदळाची भाकरी आठवेल. पुढे नेर्यमंगलम सोडलं की जंगल सुरू होतं आणि रस्त्यालाच चिय्यप्पारा आणि वालरा हे धबधबे लागतात. जानेवारीत पाणी कमी असतं, पाच मिनिटं थांबा आणि निघा.

शुक्रवार म्हणजे जुम्मा, दुपारची मशिदीतली नमाज. मुसाफिरावर जुम्मा फर्ज नाही हे तुला माहीत असेल, तरी तुझं मन होईल. अशा वेळी बहुतेक नवरे एक चूक करतात. स्वतः मशिदीत जातात आणि बायको अनोळखी ड्रायव्हरबरोबर गाडीत, भर रस्त्यावर, पाऊण तास. तसं करू नकोस. केरळात बऱ्याच मशिदींत बायकांसाठी नमाजाची वेगळी जागा असते, पण सगळ्याच मशिदींत नसते. गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला सांगून ठेव की बायकांची सोय असलेल्या मशिदीत थांबायचं आहे. सांगताना नुसतं ‘पळ्ळी’ म्हणू नकोस, कारण तिकडे मशीदही पळ्ळी आणि चर्चही पळ्ळी. ‘मुस्लिम पळ्ळी’ म्हण. नमाजाला तिकडे ‘निस्कारम्’ म्हणतात. अशी मशीद सापडली नाही तर जुम्मा सोड, मुन्नारला पोचल्यावर दोघं मिळून जोहर, म्हणजे दुपारची नमाज, पढा.

तू कोकणातला, म्हणजे बहुधा शाफई मजहबचा. मजहब म्हणजे नमाज-रोज्याचे नियम सांगणारी परंपरा. केरळचे मापिळा मुसलमानही शाफई, त्यामुळे तिथल्या अजानच्या वेळा तुला घरच्यासारख्या वाटतील. ती मिरजेची, हनफी असेल, तर तिला असरची, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजाची, अजान पाऊण तास लवकर झाल्यासारखी वाटेल. सफरीत तू दोन नमाजा जोडून पढशील, ती जोडणार नाही. दिवसाची आखणी करताना तिच्या वेळा धर, तुझ्या आपोआप त्यात बसतात. किबल्याचंही, म्हणजे नमाजात तोंड करायच्या काबेच्या दिशेचंही, लक्षात ठेव. आपल्याकडे पश्चिमेला तोंड केलं की जवळजवळ बरोबर असतं, उत्तरेकडे दहा अंश सरकायचं. मुन्नार बरंच दक्षिणेला असल्यामुळे तिथे किबला पश्चिमेपासून बावीस अंश उत्तरेकडे येतो. खोलीत पोचल्या पोचल्या होकायंत्रावर बघून मुसल्ला, नमाजाची चटई, त्या दिशेला अंथरून ठेव. तिने बॅग उघडायच्या आत.

खोलीबद्दल तुझ्या पत्रात फुलं आहेत, पलंग आहे, पण बाल्कनीबद्दल एक शब्द नाही. माझ्या लेखी सगळ्यात मोलाची ती आहे. तुझी बायको घराबाहेर डोकं झाकून असते. पनवेलच्या फ्लॅटमध्ये समोर दुसरी इमारत, गावी गेली की घरात दीर आणि पाहुणे. उघड्या आभाळाखाली, केस मोकळे सोडून, वारा लागू देत बसणं तिला शेवटचं कधी मिळालं असेल? तिला अशी खोली दे जिच्या बाल्कनीसमोर फक्त उतार असेल, शेजारच्या खोलीतून दिसत नसेल आणि खालून पायवाट जात नसेल. मळ्यांच्या पायवाटा सकाळी सातपासून कामगारांनी वाहत्या असतात, म्हणून हे मुद्दाम विचार. बाल्कनीतून आणि बाल्कनीकडे बघत, असे दोन्ही बाजूंचे फोटो मागव. यासाठी हजार-दोन हजार रुपये जास्त गेले तर जाऊ देत, ते पॅकेजमधून वाचव.

आणि ते पॅकेज घेऊच नकोस. त्यात कधीकधी वाईन धरलेली असते, टेबल पुष्कळदा बारच्या शेजारी असतं, एखादा फोटोग्राफर पुढ्यात येऊन ‘मॅडम, थोडं जवळ’ म्हणतो. तिला ते रुचेल का, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यापेक्षा एका रात्री जेवण खोलीतच मागव, बाल्कनीत दोन शाली घेऊन बसा आणि जेवणानंतर सुलेमानी सांगा. दूध न घातलेला, लिंबू आणि वेलची-लवंगेचा तो चहा मापिळा घरांत बिर्याणीनंतर देतात. खोलीतल्या फ्रिजमध्ये दारूच्या बाटल्या असतील तर आधीच काढून ठेवायला सांग.

राहायला मुन्नार गावापासून आठ-दहा किलोमीटरच्या आत, देवीकुळमच्या अंगाला बघ. गाव जवळ, मशीद जवळ आणि मळे दारात. त्याच रस्त्याने पुढे चिन्नकनालला फार देखण्या जागा आहेत, पण तो हत्तींचा मुलूख. अरिकोंबन नावाचा हत्ती २०२३ मध्ये तिथूनच पकडून पेरियारच्या अभयारण्यात नेला होता. तिकडे राहिलातच तर अंधार पडल्यावर पायी फिरायला निघू नका.

फिरण्याचं म्हणशील तर जोड सुट्टीत मुन्नार भरून वाहतं. मट्टुपेट्टी धरण, इको पॉइंट, कुंडळा तलाव, टॉप स्टेशन हे सगळं एकाच रस्त्यावर आहे आणि त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. दिवसभरात सात पॉइंट दाखवतो म्हणणारा ड्रायव्हर तुम्हाला सात वाहनतळ दाखवेल. ती वाट सरळ सोडून दे. एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात नीलगिरी तहर, म्हणजे डोंगरातले रानबकरे, अगदी जवळून दिसतात, मागे आनमुडी उभा असतो, २,६९५ मीटर, भारतात हिमालयाच्या दक्षिणेला याहून उंच शिखर नाही. पण तहरांच्या पिल्लांचा हंगाम असल्यामुळे उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद ठेवतात. तू अगदी काठावर जातोयस, तेव्हा चालू आहे का ते बघून तिकीट आधीच काढ. मिळालं नाही तर हळहळू नका.

शनिवार चहासाठी ठेव. नल्लतण्णी मळ्यात चहाचं संग्रहालय आहे, सोमवारी ते बंद असतं, म्हणून शनिवारीच सकाळी जा. पान खुडल्यावर सुकवतात, चुरडतात, हवा खाऊ देतात आणि मग भाजतात, हे सगळं समोर चालू असतं. ती शिक्षिका आहे, तिला इतिहासही आवडेल. या डोंगरात १९०० च्या आसपास चहा वाहून न्यायला कुंडळा खोऱ्यात छोटी रेल्वे होती. १९२४ च्या महापुरात ती अशी वाहून गेली की पुन्हा उभी राहिलीच नाही. चहाचं झुडूप हे खरं तर झाड आहे, त्याला वाढू दिलं तर ते घराएवढं होईल, पण खुडणाऱ्या बाईच्या कमरेएवढं राहावं म्हणून ते सतत छाटतात, हेही तिला तिथे कळेल.

आणि त्या बायका. मळ्यात शिरून त्यांचे फोटो काढत सुटणारे खूप असतात. तुम्ही आधी विचारा, नको म्हणाल्या तर फोन खाली ठेवा. २०१५ मध्ये याच मळ्यांतल्या हजारो बायकांनी मजुरी आणि बोनससाठी मुन्नारचा रस्ता अडवला होता. युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांनाही त्यांनी आपल्यात बसू दिलं नाही. पेंबिळै ओरुमै म्हणतात त्यांना, बायकांची एकजूट. आपण जे हिरवे गालिचे बघायला जातो, ते त्यांच्या पाठीवर उभे आहेत.

रविवारी पहाटेचं एकच मोठं काम कर, कोलुक्कुमलै. सुमारे ७,९०० फुटांवरचा चहामळा, तमिळनाडूच्या हद्दीत, पण वाट केरळातल्या सूर्यनेल्लीवरून. तिथून पुढे फक्त जीप जाते. देवीकुळमहून तुम्हाला तीनच्या सुमाराला निघावं लागेल. रस्ता म्हणजे नुसते दगड, हाडं खिळखिळी होतात, तेव्हा तिला पाठीचं दुखणं असेल किंवा काही गोड बातमी असेल तर अजिबात जाऊ नका. वजू हॉटेलातच गरम पाण्याने करून निघा. त्या जीपमध्ये झोप लागण्याची भीती नाही, तो टिकतो. साडेपाचनंतर फजर, पहाटेची नमाज, लागते आणि सूर्य पावणेसातच्या सुमाराला वर येतो. मधल्या वेळात वर पोचलात की गर्दीपासून जरा बाजूला, एखाद्या सपाट जागी मुसल्ला पसरा. खाली दरी कापसासारख्या ढगांनी भरलेली असते. मी तिथे फजर पढलेय. नमाज संपवून सलाम फेरल्यावर मागे वळून बघितलं तेव्हा पूर्वेकडची कड केशरी झाली होती. कुणी काही बोलत नव्हतं. आमच्या उटीनंतर कितीतरी वर्षांनी, माझे मिस्टर तिथे खाली वाकून माझी चादर झटकत होते. मला तो दिवस उटीची भरपाई वाटला.

खाली आलात की झोपा. रविवारची दुपार आणि संध्याकाळ मोकळी ठेव, कागदावर काहीही लिहू नकोस. बाल्कनी आहे, चहा आहे, ती आहे. सोमवारी सकाळी निवांत नाश्ता करून निघा आणि विमान संध्याकाळी उशिराचं घे. जोड सुट्टीच्या शेवटी घाट तुंबतो, म्हणून चाराऐवजी सहा तास हाताशी ठेव.

राहिली अम्मी. तिचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. त्या पिढीला नवरा-बायकोने मिळून कुठे जाण्याची मुभाच नव्हती, त्यामुळे तिला ते पैसे घालवणंच वाटणार. लपवून जाऊ नकोस, कंपनीचं काम आहे असंही सांगू नकोस, कारण ते उघडं पडलं की बोल तुझ्या बायकोला लागतील. जवळ बसून सांग, ‘अम्मी, अब्बांच्या ऑपरेशनात हिने सहा महिने कुठे जायचं नावसुद्धा काढलं नाही. आता चार दिवस हिला घेऊन जातो.’ आणि अम्मीला एक आठवण दे. रसूलुल्लाह (स.) सफरीत असताना हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावत, एकदा त्या जिंकल्या आणि नंतर एकदा आप (स.) जिंकले, असं हदीसमध्ये खुद्द आयेशांनी सांगितलंय. बरोबर इतर लोकही होते. लोकांना पुढे जायला सांगितलं आणि मग बायकोबरोबर धावले. हे ऐकून अम्मी हसली नाही तर मला परत लिही.

येताना तिच्यासाठी मरयूरचा गूळ आण, मुन्नारच्या बाजारात मिळतो. आणि जाण्याआधी दोन स्वेटर घ्या. कोकणातल्या कपाटात ते सापडायचे नाहीत. तिचा रंग तिलाच निवडू दे.